टोक नसलेली पंगत

एका राज्यात, जिथे नद्या संथ वाहत आणि माणसं त्याहून संथ जेवत, पृथुसेन नावाचा राजा राज्य करी. नावासारखाच अंगाने ऐसपैस. सिंहासनावर बसताना एकटा बसे, उठताना दोन भालदार लागत. मन मात्र लोण्याचं. त्याची राणी वसुमती. ती सडसडीत, तल्लख आणि बोलायला फटकळ. राज्याचा कारभार राजा पाही आणि राजाचा कारभार राणी पाही. असं सगळं सुरळीत चाललं होतं.

त्या राज्यात चोर नव्हते, वाघरू नव्हतं, अवर्षण नव्हतं. रोग एकच होता आणि तो फार जुना. मानपानाचा. कुणाचा पाट पुढे, कुणाचा मागे, कुणाला गंध आधी लावलं, कुणाला नंतर, यावरून ठरलेल्या सोयरिकी मोडत. एका सरदाराचा पाट दोन बोटं मागे पडला, तर तो रुसून अंगणात जाऊन बसला. इतका बसला, की त्याच्या पगडीत चिमणीने घरटं केलं, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी रुसवा निघाला नाही.

बरं, आता पुढे ऐका. राजवाड्यात नवा मुदपाकखाना बांधला. त्याची वास्तुशांत निघाली. साऱ्या राज्याला आमंत्रण गेलं, आणि काजळडोंगरावर राहणाऱ्या सहा मायावी भावांनाही गेलं. मायाव्यांना बोलवावं तरी पंचाईत आणि न बोलवावं तरी पंचाईत, पण बोलावलेलं बरं, असं राणीचं मत पडलं.

पंगत मांडली मारुतीच्या शेपटीएवढी. वरच्या टोकाला राजा, खालच्या टोकाला दिंडीदरवाजा. पाच मायावी वेळेवर आले, बऱ्या जागी बसले. सहावा, सगळ्यांत थोरला, धूम्रकेश. तो ढगावर बसून निघाला होता, पण ढग वाटेत बरसून संपला आणि बिचाऱ्याला चिखलातून चालत यावं लागलं. येईतो सगळे पाट भरले होते. प्रधानाने त्याला नेलं आणि अगदी शेवटी, चपलांशेजारी बसवलं. बासुंदीचं भांडं राजापासून निघालं, सरकत सरकत आलं, आणि धूम्रकेशापाशी पोचलं तेव्हा आत नुसता पळीचा खरखराट उरला होता.

आता या धूम्रकेशाला राग आला की त्याच्या दाढीतून धूर निघे. तसा निघाला. शेजारच्याला ठसका लागला. राणी वसुमती स्वतः दुसरं भांडं घेऊन लगबगीने येत होती, तिने ती धुरकटलेली दाढी पाहिली आणि तिला हसू फुटलं. वाईट मनाने नव्हे. पण फुटलं ते फुटलं.

धूम्रकेश पाटावरून उठला. "राजा, तुझ्या पंगतीला टोक आहे. त्या टोकावर तू मला बसवलंस. वर तुझी राणी हसली. हसणाऱ्या तोंडाची चोच होवो!"

चोच झाली. पिवळी. मागोमाग पिसं आली, पाय काटकुळे झाले, आणि राणीच्या जागी एक साळुंकी बासुंदीच्या भांड्याच्या काठावर उभी राहिली. भांडं कलंडलं. राजाचा आ वासला तो वासलाच.

"महाराज, तोंड मिटा," साळुंकी म्हणाली. "माशी जाईल."

शाप दिला की उःशाप द्यावाच लागतो, असा मायाव्यांचा रिवाज आहे. न दिला तर त्यांच्या पोटात दुखतं. धूम्रकेश म्हणाला, "काजळडोंगरावर ये. एकटा ये. तीन कामं सांगेन. ती झाली तर राणी परत मिळेल. मात्र उशीर करू नकोस. हिचे शब्द पिकल्या पानासारखे गळत जातील. शेवटचा शब्द गळाला, की मग पाखरू ते पाखरूच."

राजाने हात धुतले, साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि जेवण अर्धं टाकून निघाला. राजा जेवण अर्धं टाकून उठला, हे पाहूनच लोकांना कळलं की प्रसंग मोठा आहे.

वाटेने चालता चालता राणीच्या जिभेवरून आधी मसाल्यांची नावं गेली. जायफळ गेलं, वेलदोडा गेला, दगडफूल गेलं. मग दागिने जायला लागले.

"महाराज," साळुंकी म्हणाली, "माझ्या हातात ते काय असायचं हो? गोल गोल, वाजणारं?"

"बांगड्या," राजा म्हणाला.

"छान शब्द आहे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

राजाने पुन्हा सांगितलं. पुढे कितीदा विचारलं तरी सांगितलं. पण त्याचं पाऊल, जे जन्मात कधी भरभर पडलं नव्हतं, ते भरभर पडायला लागलं.

काजळडोंगरावर धूम्रकेश दारातच उभा होता. पाय धुवायला पाणी दिलं. शाप आपल्या ठिकाणी, पाहुणचार आपल्या ठिकाणी. मग एका बोकडाकडे बोट केलं. काळा, शिंगाळा, मान ताठ.

"पहिलं काम. या बोकडाला चार बाजूंचं कुंपण घाल. हा डोळे मिटून आत फिरेल. एक कोपरा दुसऱ्यापासून ओळखता आला, किंवा एक बाजू दुसरीपासून ओळखता आली, तर हा बाहेर येईल. तीनदा बाहेर आला, की तू घरी जा."

"मी फार मानी आहे," बोकड म्हणाला. "आधी सांगून ठेवतो."

राजाला वाटलं, यात काय अवघड? त्याने चार बांबू तोडले, शेजारी शेजारी उभे करून अगदी सारखे कापले, टोकाला टोक लावून वेलींनी बांधले. चारी बाजू सारख्या. राजा खूश होऊन कुंपणाला टेकला. राजाच तो! कुंपण एका अंगाला कललं आणि चौकोनाची शंकरपाळी झाली. बांबू तेच, लांबी तीच, पण दोन कोपरे चिमटले आणि दोन फाकले.

बोकड डोळे मिटून आत गेला. पहिल्याच कोपऱ्यात त्याचं शिंग अडकलं.

"हा अरुंद," तो म्हणाला. पुढे गेला. "हा रुंद. मला काय वेडा समजता?" आणि बाहेर आला.

"बाजू सारख्या झाल्या म्हणून भागत नाही, महाराज," साळुंकी म्हणाली. "कोपऱ्यांचं काय?"

राजाने मग कोपऱ्यांकडे लक्ष दिलं. दाराच्या चौकटीचा कोपरा पाहून पाहून चारी कोपरे तसेच ताठ केले. पण तो चौकट बघायला गेला, तेवढ्यात बोकडाने भूक लागली म्हणून समोरासमोरच्या दोन बांबूंची टोकं सारखीच कुरतडली. राजाच्या ते ध्यानात आलं नाही. कोपरे ताठ झाले, पण दोन बाजू लांब आणि दोन आखूड.

बोकड आत गेला, फिरला, थांबला. "ही लांब. ही आखूड. ही लांब. ही तर बाज झाली. मी काय आजारी आहे?"

"तुम्हीच खाल्लंत की हो!" राजा कळवळून म्हणाला.

"खाल्लं ते मोजायचं काम तुमचं," बोकड म्हणाला, आणि बाहेर आला.

आता एकच खेप उरली. साळुंकी राजाच्या पागोट्यावर जाऊन बसली. "महाराज, बाजू सारख्या हव्यात आणि कोपरेही सारखे हवेत. एक करून दुसरं सोडलं तर फसतं. चार सारखे बांबू बांधा. मग एक वेल घ्या, या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणा. तीच वेल दुसऱ्या दोन कोपऱ्यांत ताणून बघा. पुरली तर कुंपण सरळ. कमीजास्त पडली तर शंकरपाळी."

राजाने तसं केलं. एकदा वेल उरली. हळूच एक कोपरा ढकलला. मग कमी पडली. तसूभर मागे ओढला. बरोबर बसली. मग राजा कुंपणापासून चांगला लांब जाऊन उभा राहिला आणि श्वाससुद्धा दुसरीकडे तोंड करून घेऊ लागला.

बोकड आत गेला. डोळे मिटून फिरला. एका कोपऱ्यात थांबला, हुंगला, पुढे गेला. पुन्हा थांबला. पुन्हा पुढे गेला. शेवटी म्हणाला, "मी आलो त्याच कोपऱ्यात आहे ना?" ते तसं नव्हतं. पण त्याला ते कळेना, आणि विचारायचा त्याला कमीपणा वाटला. तो खाली बसला आणि रवंथ करू लागला.

"पहिलं काम झालं," धूम्रकेश म्हणाला. त्याची दाढी किंचित धुमसली.

इकडे साळुंकीची चोच उघडी राहिली होती. "महाराज, तो शिंगाळा प्राणी... त्याला काय म्हणतात?"

राजाला एकदम थकवा आला.

दुसरं काम अंगणाचं होतं. घरामागे मोठं मोकळं अंगण होतं, आणि बाजूला फरश्यांचे ढीग. तीन कोपऱ्यांच्या, चार कोपऱ्यांच्या, पाच, सहा आणि आठ कोपऱ्यांच्या. एकेका ढिगातली फरशी एकसारखी घडलेली, कुठलीही बाजू दुसरीहून लांब नाही, कुठलाही कोपरा दुसऱ्याहून टोकदार नाही.

"एका जातीची फरशी निवड," धूम्रकेश म्हणाला. "तीच सगळीकडे घाल. मुंगी जाईल एवढी फट राहता कामा नये. अंगणाखाली धुराची पोरं राहतात. फट दिसली की ती वर येतात."

राजाने पाच कोपऱ्यांची उचलली. दिसायला फार साजरी, जास्वंदीच्या फुलासारखी. एक ठेवली, तिला दुसरी लावली, दोघींच्या बेचक्यात तिसरी बसवली. तिघींचे कोपरे एका ठिकाणी आले आणि त्यांच्यामध्ये एक बारीकशी फट उरली. चौथी घालू गेला तर मावेना. तीन म्हणजे कमी, चार म्हणजे जास्त. राजा फरशीला समजावू लागला, गोंजारू लागला, अंगठ्याने दाबू लागला. एवढ्यात फटीतून धुराचं एक करडं पोर वर आलं, राजाची मिशी धरून लोंबकळलं आणि खदाखदा हसलं. दुसरं आलं, त्याने दुसरी मिशी धरली.

राजाने आठ कोपऱ्यांची घेतली. तिच्या चौघी जवळ आल्या की मध्ये सरळ चौकोनी भोक. त्यातून तर धुराच्या पोरांची वरात निघाली.

"अहो रुंद गृहस्थ," साळुंकी खांद्यावरून म्हणाली.

राजा दचकला. "राणीसाहेब, मी पृथुसेन."

"असाल. चांगले दिसता. खांदाही ऐसपैस आहे, बसायला सोयीचा. पण तुम्ही कडा बघताय. जिथे कोपरे एकत्र येतात ती जागा बघा. आपण त्या गोल... तव्यावर भाजतात ते... त्याचे तुकडे करतो ना?"

"भाकरी," राजा म्हणाला. भाकरी म्हणताना त्याचा आवाज भरून आला, आणि ते नुसत्या भुकेने नव्हतं.

"तेच. तुकडे परत जोडले तर अख्खं गोल व्हायला हवं. कमी नको, जास्त नको. तुमच्या पाच कोपऱ्यांच्या फरशीचा तुकडा असा आहे, की तीन ठेवले तर घास कमी पडतो आणि चार ठेवले तर ताटाबाहेर जातो."

राजा मांडी घालून बसला आणि एकेका ढिगाची फरशी एकमेकींना लावून बघू लागला. तीन कोपऱ्यांच्या सहा ठेवल्या, भाकरी पुरी झाली. चार कोपऱ्यांच्या चार ठेवल्या, पुरी झाली. सहा कोपऱ्यांच्या तीन ठेवल्या, तरी पुरी झाली. म्हणजे चालणाऱ्या जाती तीन. राजाने विचार केला आणि सहा कोपऱ्यांची घेतली, कारण ती सगळ्यांत मोठी होती आणि वाकावं कमी लागणार होतं. प्रत्येकजण आपल्या पोटाप्रमाणे शहाणा होतो.

फरशी बसत गेली. एकीच्या भोवती सहा, त्यांच्या भोवती आणखी. फटी बुजत गेल्या तशी धुराची पोरं घाईघाईने खाली परतली. एकाचं डोकं जरा राहिलं होतं, त्याला राजाने "येतो हं" म्हणून हलकेच आत ढकललं आणि वर फरशी ठेवली. अंगण झालं गुळगुळीत, वाऱ्यालाही खाली शिरायला वाट नाही.

"दुसरं काम झालं," धूम्रकेश म्हणाला. या खेपेला दाढीतून धुराची लांब शेपटी निघाली. राजा जिंकत चालला याचा राग होता की दुसरंच काही, ते कळेना.

राजा साळुंकीकडे वळला. "राणीसाहेब, एकच काम राहिलं."

साळुंकीने मान तिरकी करून त्याच्याकडे पाहिलं. चोच उघडली, मिटली. पुष्कळ वेळाने एक शब्द बाहेर आला. "हळू."

राजाने आणखी काही बोलून बघितलं. बांगड्या म्हणाला, भाकरी म्हणाला, तिच्या माहेरचं नाव घेतलं. ती म्हणाली, "हळू." तेवढा एकच उरला होता.

मग राजा धूम्रकेशापुढे उभा राहिला. "तिसरं सांगा. लवकर सांगा."

धूम्रकेशाने टाळी वाजवली. डोंगराच्या पाच अंगांनी त्याचे पाच भाऊ आले. कुणी जटाधारी, कुणी टक्कल, एकाच्या कानात सुगरणीचं घरटं होतं. सगळ्यांचा चेहरा मात्र एकच, आताच कुणीतरी आपला अपमान केला आहे असा.

"आम्ही सहा," धूम्रकेश म्हणाला. "आम्हांला जेवू घाल. कुणी जवळचा नको, कुणी लांबचा नको. कुणी पहिला नको, कुणी शेवटचा नको. घास उचलण्याआधी पंगत हवी तितक्यांदा मोड आणि मांड. पण घास उचलल्यावर एक जरी रुसला, तर ही साळुंकी रानात उडेल."

"त्याला फार वेळ लागणार नाही," टकल्या भाऊ म्हणाला. "मी तर येतानाच थोडा रुसून आलोय."

जेवण तयारच होतं. मायाव्यांच्या घरी चूल स्वतः पेटते, भात स्वतः शिजतो, फक्त वाढायला माणूस लागतं. राजाने बासुंदीचं भांडं अंगणाच्या मध्ये ठेवलं. त्याच्या झाकणावर साळुंकीला बसवलं. मग आपलं उपरणं काढलं, त्याचं एक टोक झाकणाच्या मधल्या कडीला बांधलं, दुसरं टोक ताणून धरलं आणि भांड्याभोवती फिरला. जिथे जिथे टोक पोचलं तिथे तिथे खडूने खूण केली. वाटोळं रिंगण झालं. उपरणं सोडून परत खांद्यावर टाकलं. त्या रिंगणावर सहा पाट मांडले. आता मध्यापासून सगळे सारख्याच अंतरावर.

भाऊ बसले आणि लगेच उठले.

"याचं ढोपर माझ्या ताटात येतंय," जटाधारी म्हणाला.

"आणि माझ्या शेजारी एवढी जागा मोकळी, की म्हैस बसेल," टकल्या म्हणाला. "मला वाळीत टाकलंय काय?"

खरंच होतं. मध्यापासून सगळे सारखे, पण शेजाऱ्यापासून नव्हते. कुठे दाटी, कुठे मैदान. राजाने पाट इकडचे तिकडे केले. डोळ्यांनी अंदाज घेतला. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडे.

मग राजाने, घाबरून, त्याच्या राज्यातलं कुणीही केलं असतं तेच केलं. घरातून एक चांदीचा पाट शोधून आणला, त्यावर मऊ आसन घातलं आणि धूम्रकेशापुढे ठेवून नमस्कार केला. "आपण थोरले. आपला मान मोठा."

धूम्रकेशाच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली. पण पाच भाऊ एका आवाजात किंचाळले, "आणि आम्ही?" टकल्याचा पाट आपोआप पेटला. जटाधारी रिंगणाकडे पाठ करून बसला. सुगरणसुद्धा घरट्यातून बाहेर येऊन पाठ करून बसली.

भांड्यावरून आवाज आला, "ह..." पुढचं अक्षर आलंच नाही. आता अर्धाच शब्द उरला होता.

राजाने चांदीचा पाट उचलला आणि डोंगरावरून खाली भिरकावला. तो आवाज बराच वेळ येत राहिला. मग राजा रिंगणाच्या कडेवर मटकन खाली बसला. आज खांद्यावरून कुणी सांगणारं नव्हतं. त्याने उपरण्याने डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर ते समोर रिंगणाच्या कडेवर तसंच टाकलं. एक टोक त्याच्या पायाशी, दुसरं रिंगणावर पुढे.

राजा त्या उपरण्याकडे बघत राहिला.

मध्यापासून पाटापर्यंत जेवढं हे, तेवढंच पाटापासून पाटापर्यंत ठेवलं तर? म्हणजे पाहुणा मध्याच्या जितका जवळ, तितकाच शेजाऱ्याच्या जवळ. होईल न होईल. राजा गुडघ्यांवर आला. उपरणं ताणून रिंगणाच्या कडेवरून कडेवर टाकलं, टोकाशी पाट ठेवला. तिथून पुन्हा टाकलं, पुन्हा पाट. धापा टाकत, रांगत, रेशीम धुळीतून ओढत राजा फिरला. त्याला भीती एकच, की शेवटी तुकडा उरणार. बोट उरेल, वीत उरेल, आणि त्या वीतभर जागेवरून कुणीतरी रुसेल.

पाचवा पाट ठेवला. उपरणं टाकलं. सहावा ठेवला. उपरणं पुन्हा टाकलं, आणि त्याचं टोक पहिल्या पाटाच्या कडेला अलगद जाऊन टेकलं. केसाचाही फरक नाही. राजाने परत मोजलं. मग उलट्या दिशेने मोजलं. तेच. कोणी मंतरलेलं नव्हतं, नुसतं उपरणं होतं. त्या मायाव्याच्या डोंगरावर एवढीच एक गोष्ट मायेशिवाय झाली.

"बसा," राजा म्हणाला.

भाऊ बसले. ढोपरं मोकळी राहिली. म्हशीला जागा उरली नाही. कुणाला काही बोलता येईना, म्हणून सगळे अस्वस्थ झाले.

"वाढणार कुणाला आधी?" टकल्याने बारीक डोळे करून विचारलं. "ज्याला आधी, तो पहिला. ज्याला नंतर, तो शेवटचा."

राजाचा हात पळीवर थांबला. हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. भांड्यावर साळुंकी पंख उघडून बघत होती, पाखरू उडण्याआधी बघतं तसं.

"मी वाढणारच नाही," राजा सावकाश म्हणाला. "इथे कुठल्याच पाटाला आधी म्हणता येत नाही, मग मी सुरुवात कुठून करू? प्रत्येकाला बासुंदीने भरलेलं एक वाडगं आणि एक पळी देतो. आपल्या पाटाजवळ ठेवा, त्यातलं खायचं मात्र नाही. मी ‘आता’ म्हटलं, की प्रत्येकाने आपल्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याला वाढायचं. एकाच वेळी."

"म्हणजे मी याला आग्रह करायचा?" जटाधारी दचकून म्हणाला.

"आणि तुमच्या डाव्या हाताचे तुम्हांला करतील."

वाडगी आणि पळ्या सगळ्यांपाशी पोचल्या. "आता!" राजा ओरडला.

सहा पळ्या एकदम उठल्या आणि सहा वाट्या एकदम भरल्या. सहाही घास एकदम उचलले गेले.

आता धूम्रकेश कारण शोधू लागला. सवयच ती. डाव्या हाताला पाहिलं, उजव्या हाताला पाहिलं. ताट टकल्याच्या ताटाशी ताडून पाहिलं. मग तो उठला. "मी त्या जागी बसतो," तो म्हणाला, आणि एक पाट पुढे सरकला. सरकला तसे सगळेच एकेक पाट सरकले. बसून पाहिलं. समोर भांडं तेवढंच लांब, शेजारी तेवढाच जवळ. पुन्हा सरकला. तेच. असा सरकत सरकत तो रिंगणभर फिरला, आपल्याच पाटावर परत आला, आणि आपण परत आलो हे त्याला पाटावर सांडलेल्या बासुंदीवरून कळलं, एरवी कळलं नसतं. रुसायला कुठे टोक नव्हतं. रुसवा आला होता, पण त्याला टेकायला जागाच मिळेना.

"जरा घ्या हो," डाव्या बाजूने जटाधारी म्हणाला आणि त्याच्या वाटीत पळी ओतली. "बासुंदी चांगली झालीय."

धूम्रकेशाने वाटी तोंडाला लावली. खाली ठेवली तेव्हा त्याच्या दाढीतला धूर निवला होता. आत केस काळेभोर निघाले. "मी किती वर्षं जेवतोय," तो म्हणाला, "पण मान मोजण्याच्या नादात चव कधी घेतलीच नव्हती."

त्याच घडीला भांड्याचं झाकण खणखणलं. पिसं गळाली, चोच मावळली, आणि सहा मायाव्यांच्या बरोबर मध्ये, भांड्यावर अवघडून बसलेली, राणी वसुमती प्रकट झाली. तिने डोळे चोळले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिची नजर राजावर पडली, मग जमिनीवर.

"महाराज!" राणी म्हणाली. "रेशमी उपरणं धुळीत? आता धुवायचं कुणी?"

राजाला रडू आलं आणि हसू आलं. दोन्ही एकदम आलं, आधी कुठलं ते त्याने मोजलं नाही.

पुढे राजा-राणी राज्यात परतले. राजाने पंगतीची रीत बदलली. तीन पाहुणे आले तर तीन कोपऱ्यांत, चार आले तर चार कोपऱ्यांत, सात आले तर सात. सातला उपरणं सरळ बसेना, तेव्हा राणीने दोरीला गाठी मारमारून जमवलं आणि राजाची बोलणी खाल्ली नाहीत, उलट त्यालाच दोन सुनावली. सणासुदीला सारी प्रजा जेवायला बसे, तेव्हा कोपरे इतके वाढत की कोपरा दिसेनासा होई आणि पंगत चंद्रासारखी वाटोळी भासे. प्रधान पहिले काही महिने आपली पुढची जागा शोधत त्या वाटोळ्याभोवती फिरत राही. मग पाय दुखले, की जिथे असे तिथे बसे.

सगळ्यांचं झालं, की राजा आणि राणी पानावर बसत. समोरासमोर, मध्ये वाटी. दोघांची पंगत ती. त्याला ती जेवढी जवळ, तिला तो तेवढाच जवळ, हे मोजायला उपरणं लागत नसे. सहा कोपऱ्यांवरून फिरून आलेली ही कहाणी अशी आपल्या मध्यावर येऊन निवली. तिथे जसं गोड झालं, तसं ऐकणाऱ्यांच्या पानातही होवो.